वायफायची दोन कुलपं



घरातलं वायफाय भिंतीपाशी थांबत नाही.
ते जिन्यात जातं, शेजारी जातं.
म्हणून त्याला कुलूप हवं.

आणि कुलपं दोन असतात, बरं का.

पहिलं, वायफायचा पासवर्ड.
हा घरात सगळ्यांना पाठ असतो.

दुसरं, राउटरच्या सेटिंगचा पासवर्ड.
याची आठवणच कुणाला नसते.
अनेक राउटरवर तो कारखान्यातून आलेला ‘अ‍ॅडमिन’ असाच राहतो.
मग वायफायवर शिरलेला माणूस सगळी सेटिंग बदलू शकतो.

म्हणून दोन्ही पासवर्ड बदला.

मोबाइल नंबर नको, मुलांची नावं नकोत.
एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द जोडा.
ताक, खिडकी, रिक्षा, डोंगर, असे.
हेच मात्र घेऊ नका, ते आता सगळ्यांनी ऐकले.

सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए-थ्री निवडा.
तो नसेल, तर डब्ल्यूपीए-टू.

वायफायचं नाव लपवून फारसं काही साधत नाही.

पाहुण्यांसाठी गेस्ट नेटवर्क सुरू करा.

जोडलेल्या उपकरणांची यादी सेटिंगमध्ये दिसते.
तिथे अनोळखी मोबाइल दिसला?
पुन्हा तेच, दोन्ही पासवर्ड बदला.
सगळ्यांचंच वायफाय तुटेल.
मग घरातले फोन, टीव्ही सावकाश पुन्हा जोडून घ्या.