एकरंगी कापडांची गोधडी

छापील कापडात वाकडा टाका लपून जातो, एकरंगी कापडात तो लांबूनही दिसतो. म्हणून शिवायच्या आधी दोन कामं करा.

एक, लाल, निळी, काळी कापडं पाणी स्वच्छ निघेपर्यंत वेगवेगळी धुवा. नाहीतर पहिल्याच धुण्यात शेजारचा पांढरा चौकोन गुलाबी होतो आणि कित्येक महिन्यांची मेहनत वाया जाते.

दुसरं, चौकोन जमिनीवर मांडून मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढा. लाल-हिरवा डोळ्यांना वेगळा वाटतो, पण फोटोत दोन्ही सारखेच राखाडी दिसले तर नक्षी उठत नाही. पेनसिल्व्हेनियातल्या आमिश बायकांच्या जुन्या गोधड्यांवर एकही छापील फूल नसतं, तरी नक्षी कशी ठसठशीत! फिक्याशेजारी गडद, एवढंच. हे जमलं की मग खुशाल धावदोरा घाला.