कारखानदार आणि बदलते कामगार कायदे

बेळगावच्या उद्यमबागेत ओतकामाचे आणि यंत्रभागांचे अनेक लहान कारखाने आहेत. तेथून थोड्याच अंतरावर, चंदगड तालुक्यात, शिनोळीची औद्योगिक वसाहत लागते. मात्र वाटेत राज्याची सीमा ओलांडावी लागते. एखाद्या कारखानदाराचे ओतकाम उद्यमबागेत आणि पुढील काम शिनोळीत चालत असेल, तर मालक एक, माल एक, कामगारही कदाचित एकाच गावचे; परंतु किमान वेतनाची पत्रके दोन. आजवरच्या वहिवाटीप्रमाणे कर्नाटकातील महागाई भत्ता एप्रिलच्या पहिल्या तारखेस बदलत आला, तर महाराष्ट्रातील विशेष भत्ता जानेवारीत आणि जुलैत. एकाच दिनदर्शिकेवर विसंबणारा मालक दोहोंपैकी एका ठिकाणी चुकणारच.

कामगारविषयक कायदे करण्याचा अधिकार आपल्या राज्यघटनेने केंद्र आणि राज्ये या दोघांनाही दिला आहे. त्यामुळे इंदूर, वडोदरा, हैदराबाद किंवा मडगाव येथील व्यावसायिकाला पुण्यातील आप्ताचा सल्ला जसाच्या तसा उपयोगी पडेल असे नाही. त्यात 21 नोव्हेंबर 2025 पासून एक मोठे स्थित्यंतर घडून आले. 1936 चा वेतन प्रदान कायदा, 1947 चा औद्योगिक विवाद कायदा, 1948 चा किमान वेतन कायदा यांसह 29 केंद्रीय कायद्यांच्या जागी वेतन, औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा आणि कामावरील सुरक्षितता या विषयांच्या चार संहिता आल्या. संहिता केंद्राच्या असल्या, तरी बहुतेक लहान उद्योगांना लागू पडणारे नियम राज्यांनीच करावयाचे असतात. म्हणजे ग्रंथांची संख्या घटली, जागरूकतेची गरज मात्र घटलेली नाही.

या बदलांचे मर्म एका शब्दाच्या व्याख्येत सापडते. तो शब्द म्हणजे ‘वेतन’. अनेक ठिकाणी मूळ पगार लहान ठेवून घरभाडे, प्रवास इत्यादी भत्ते मोठे दाखविण्याची प्रथा होती. नव्या व्याख्येनुसार वगळण्याजोगे भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाले, तर वरची रक्कम वेतनातच धरली जाते. एखाद्या कामगारास दरमहा 40,000 रुपये मिळतात आणि त्यांत मूळ पगार व महागाई भत्ता मिळून 16,000 आहेत असे समजू. उरलेले भत्ते 24,000 होतात. निम्म्याच्या मर्यादेपेक्षा ते 4,000 ने जास्त. म्हणून त्याचे वेतन 20,000 ठरते. वर्षाला पंधरा दिवसांचे वेतन आणि महिन्याचे 26 दिवस या हिशेबाने दहा वर्षांच्या नोकरीबद्दल 16,000 वर सुमारे 92,300 रुपये ग्रॅच्युइटी झाली असती. 20,000 वर ती सुमारे 1,15,400 होते. तेवीस हजार रुपयांचा हा फरक त्या कुटुंबाला लहान नाही. आणि पंचवीस माणसांच्या कारखानदाराने त्याची तरतूद केलेली नसेल, तर त्यालाही तो लहान नाही.

आणखीही काही बदल लहान मालकाच्या दाराशी येऊन ठेपले आहेत. प्रत्येक कामगारास नेमणूकपत्र देणे आवश्यक झाले आहे. कामगाराने नोकरी सोडली किंवा त्याला कमी केले, तर त्याचे राहिलेले वेतन दोन कामाच्या दिवसांत चुकते करावयाचे आहे. मुदतीवर नेमलेल्या माणसाला ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षे थांबावे लागत नाही. एक वर्षाची नोकरी पुरते. वेतनाच्या थकबाकीबद्दल तीन वर्षांपर्यंत दावा करता येतो, आणि अशा दाव्यात पैसे दिले हे सिद्ध करण्याचा भार मालकावर असतो. ‘आपल्याकडे सगळे तोंडी व्यवहार विश्वासावर चालतात’ हे म्हणणे ऐकावयास गोड वाटते. परंतु सहीची पावती किंवा बँकेची नोंद नसेल, तर तो विश्वास मालकाच्याच उपयोगी पडत नाही.

विम्याच्या बाबतीत तर गाठ माणसाच्या जिवाशी असते. भट्टीजवळ काम करणाऱ्याचा हात भाजला आणि राज्य विमा योजनेत त्याचे नाव नोंदविलेच नव्हते असे निघाले, तर दरमहा वाचविलेली थोडीशी वर्गणी एका दिवसात मालकाच्या अंगावर उलटते. त्याहून वाईट असे, की ज्या घडीला त्या माणसाला दवाखाना हवा असतो, त्याच घडीला त्याच्या हक्काची शहानिशा सुरू होते.

कायदे वारंवार का बदलतात, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. तिला इतिहासाचे उत्तर आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे 1890 मध्ये मुंबईच्या गिरणीमालकांनी आठवड्याची सुटी मान्य केली, आणि 1891 च्या फॅक्टरी कायद्यात साप्ताहिक सुटीला स्थान मिळाले. न्याय्य रीत आधी रुजते, कायदा तिच्या मागून येतो. म्हणूनच जो मालक माणसे पुरती मोजतो, जादा तासांचा दुप्पट दर देतो आणि ठेकेदाराच्या माणसांनाही पगार पोचला की नाही हे पाहतो, त्याला नवा कायदा सहसा दचकवीत नाही. त्याला फक्त आकडे दुरुस्त करावे लागतात. हजेरीपटावर आठ नावे आणि भट्टीपाशी चौदा माणसे असतील, तर मात्र कोणताही सल्लागार त्याला तारू शकणार नाही.

उपाय अवघड नाहीत. ज्या राज्यात काम चालते त्या राज्याच्या कामगार खात्याची अधिसूचना किमान जानेवारी, एप्रिल आणि जुलै या महिन्यांत पाहावी. हजेरी, पगार आणि जादा तास यांच्या नोंदी रोजच्या रोज कराव्यात. वर्षातून एकदा हिशेबनिसाबरोबर बसून प्रत्येकाचे वेतन नव्या व्याख्येशी ताडून पाहावे आणि ग्रॅच्युइटीची रक्कम बाजूला काढावी. पहिल्या चुकीबद्दल खटला भरण्यापूर्वी ती सुधारण्याची संधी निरीक्षकाने लेखी द्यावी, अशी तरतूद वेतन संहितेत आहे. पण तीच चूक पाच वर्षांत पुन्हा घडली, तर ही सवलत मिळत नाही. तेव्हा पहिल्या नोटिशीकडे वैरभावाने न पाहता सूचना म्हणून पाहणे शहाणपणाचे ठरते.

कायद्याचे अज्ञान ही सबब न्यायासनापुढे टिकत नाही, हे सर्वश्रुत आहे. ज्याचे वेतन कमी पडले त्या कामगाराच्या घरी तर ती त्याहूनही टिकत नाही. किराणा दुकानदाराला महिनाअखेरीस पुरते पैसे लागतात. धन्याने नवे पत्रक वाचले नव्हते, हे कारण त्याच्या वहीत जमा होत नाही.