गेमिंग पीसीला सर्व्हरचा प्रोसेसर चालेल का?

सर्व्हरसाठी घडवलेला प्रोसेसर गेमिंगच्या संगणकात बसतो, चालतो, स्वस्तही पडतो. तरी निव्वळ गेमसाठी तो घेऊ नये. नेहमीचे उदाहरण इंटेलच्या झिऑन ई5-2680 व्ही4 चे. 2016 सालच्या या प्रोसेसरमध्ये 14 कोअर आणि 28 थ्रेड आहेत. डेटा सेंटरांनी यंत्रे बदलली की असे प्रोसेसर जुन्या बाजारात येतात आणि चिनी एक्स99 मदरबोर्डावर त्यांचा पीसी असेंबल होतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर काय नि जालना जिल्ह्यातल्या जाफराबादेत काय, मोह एकच: कमी पैशांत चौदा कोअर. कोअर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे गणित करणारा भाग, थ्रेड म्हणजे त्याच्यावर चालणारी कामाची एक माळ आणि क्लॉक म्हणजे त्याच्या ठोक्यांचा वेग. मात्र कामाचे तेवढे स्वतंत्र तुकडे पडत असतील, तरच ते चौदा कोअर उपयोगी पडतात.

तुकडे पडणाऱ्या कामाचा नमुना पुण्याच्या पाषाणमध्ये आहे. तिथल्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत जानेवारी 2018 मध्ये ‘प्रत्यूष’ महासंगणक सुरू झाला. त्यात झिऑन ई5-2695 व्ही4 प्रोसेसर होते, म्हणजे बाजारातल्या 2680 चे सख्खे भाऊच. एकेकात 18 कोअर, मूळ वेग अवघा 2.1 गिगाहर्ट्झ, पण सगळे मिळून 1,19,232 कोअर. हवामानाचा अंदाज काढताना पृथ्वीच्या वातावरणाच्या चौकटी पाडतात. प्रत्येक कोअरला आपला पट्टा मिळतो. तो तिथला दाब, ओल, वारा यांचे गणित करतो आणि फक्त कडेचे आकडे शेजाऱ्याला कळवतो. 2018 मध्ये ही चौकट 12 किलोमीटरची होती आणि किंचित वेगवेगळ्या सुरुवातींचे 21 अंदाज एकत्र काढले जात. पुढे 2024 मध्ये एएमडी एपिक प्रोसेसरांचा ‘अर्क’ महासंगणक आला आणि मे 2025 मध्ये चौकट 6 किलोमीटरवर आली. बाजू निम्मी झाली की चौकटी चौपट होतात. काळाचे टप्पेही निम्मे करावे लागतात, म्हणून गणित सुमारे आठपट वाढते. जाफराबादचा कोरडवाहू शेतकरी सोयाबीन पेरताना ज्या अंदाजाकडे डोळे लावून बसतो, त्यामागे एवढा पसारा आहे. झिऑनचे खरे कर्तृत्व ते हेच.

गेमचे काम असे वाटता येत नाही. सेकंदाला 60 फ्रेम हव्या असतील, तर एका फ्रेमला 16.7 मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात माउसची हालचाल वाचायची, गोळी कुठे लागली ते ठरवायचे, त्यावरून शत्रूची पुढची चाल काढायची आणि मग ग्राफिक्स कार्डाला चित्र रेखाटण्याचे हुकूम द्यायचे. आधीचे पाऊल पडल्याशिवाय पुढचे उचलता येत नाही, म्हणून एका मुख्य थ्रेडवर सगळी भिस्त राहते. तिथे 2680 चा कमाल वेग 3.3 गिगाहर्ट्झ, तर 2022 च्या चार कोअरच्या आय3-12100एफ चा 4.3, शिवाय नव्या रचनेत क्लॉकच्या प्रत्येक ठोक्याला कामही जास्त उरकते. बहुतेक गेममध्ये हा छोटा प्रोसेसर चौदा कोअरवाल्याला मागे टाकतो.

आजचे गेम सहा-आठ थ्रेड वापरतात, हा आक्षेप रास्त आहे. पण त्यापुढचे कोअर बहुधा रिकामेच बसतात. सर्व्हरमधले काहीच गेमला उपयोगी नाही, असेही नव्हे. मार्च 2022 मध्ये एएमडीने एपिक या सर्व्हरच्या प्रोसेसरवर कॅशेचा, म्हणजे प्रोसेसरमधल्याच जलद स्मृतीचा, जादा थर चढवला. एप्रिलमध्ये तीच युक्ती रायझन 7 5800एक्स3डी मध्ये 96 एमबी कॅशे देऊन आली आणि तो गेमिंगचा अव्वल प्रोसेसर ठरला, कारण मुख्य थ्रेडची रॅमसाठीची खोळंबणी कमी झाली. सर्व्हरकडून गेमने घ्यावे ते हे.

जुना झिऑन घेण्यापूर्वी आणखी काही अडचणी ध्यानात घ्याव्यात. दोन प्रोसेसरांचे बोर्ड गेमसाठी टाळावेत. एका प्रोसेसरला दुसऱ्याची रॅम वाचायला जास्त वेळ लागतो. सर्व्हरची रजिस्टर्ड रॅम स्वस्त मिळते, पण पुढे साध्या बोर्डात चालत नाही. हे झिऑन विंडोज 11 च्या अधिकृत यादीत नाहीत, आणि विंडोज 10 चा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. विंडोज 11 वर व्हॅलोरंट या गेमला टीपीएम 2.0 आणि सिक्युअर बूट या सुरक्षा सोयी लागतात. जुन्या बोर्डांवर अनेकदा तिथेच अडते. झिऑन ई5 च्या व्ही1 आणि व्ही2 पिढीत एव्हीएक्स2 हा सूचनासंच नाही, त्यामुळे काही नवे गेम सुरूच होत नाहीत.

ब्लेंडरमध्ये रेंडर करणाऱ्याला किंवा लग्नाचे व्हिडिओ तासन्‌तास एक्स्पोर्ट करणाऱ्याला 2680 आजही परवडतो. त्याने त्यावर गेम जरूर खेळावा. निव्वळ खेळणाऱ्याने आय3-12100एफ किंवा सहा कोअरचा रायझन 5 5600 घ्यावा आणि उरलेले पैसे ग्राफिक्स कार्डात घालावेत. झिऑन आधीच घेतलेला असेल, तर फ्रेमची मर्यादा 60 वर बांधून रिझोल्यूशन वाढवावे. भार कार्डावर जातो, आणि तेच कार्ड पुढे नव्या बोर्डात लावता येते.