नक्षीची करवत आणि घरातली धूळ

(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



आजच्या सभेत मी बोलावे असा निरोप आला तेव्हा मी चिटणीसबाईंना विचारले, "विषय कोणता?" त्या म्हणाल्या, "तुमच्या त्या करवतीवरच बोला की! सगळ्यांना उत्सुकता आहे." उत्सुकता असणारच. तीन वर्षांपूर्वी नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी स्क्रोल सॉ घरी आणली, तेव्हा "हिला आता सुतारकीचे वेड लागले" असे म्हणणाऱ्या निदान चौघीजणी या क्षणी माझ्यासमोर बसल्या आहेत. त्यांतल्या तिघींनी पुढे माझ्याकडूनच दारावरच्या नावाच्या पाट्या करून नेल्या, म्हणून मी मनात काही ठेवलेले नाही.

परंतु आज मी करवतीपेक्षा करवतीतून जे उडते त्याविषयीच बोलणार आहे. त्याला कारण आहे. बालवाडीच्या शेजारच्या खोलीत स्त्रियांसाठी लाकडी खेळणी आणि पाट्या करण्याचा वर्ग सुरू करावा, असे आपल्या कार्यकारिणीने ठरवले आहे. ठराव उत्तम आहे. मीच त्याला अनुमोदन दिले. पण अंदाजपत्रक वाचले तर त्यात दोन यंत्रे आहेत, पाती आहेत, प्लायवूड आहे, उद्घाटनाचे पेढेसुद्धा आहेत. धुळीसाठी एक पैसा नाही. आणि ही चूक मी माझ्या घरी अगोदरच करून बसले आहे.

ज्यांनी हे यंत्र पाहिले नाही त्यांच्यासाठी सांगते. शिवणयंत्र डोळ्यांसमोर आणा. सुई जागच्या जागी वरखाली होते आणि आपण कापड फिरवतो. येथेही तसेच. पाच इंचांचे दोऱ्यासारखे बारीक पाते वर आणि खाली दोन्हीकडे पकडलेले असते, ते मिनिटाला चारशेपासून सोळाशेपर्यंत वेळा वरखाली होते, आणि आपण फळी दोन्ही हातांनी वळवीत न्यायची. 'क'चा वळसा काढा, मोराची मान काढा, हत्तीची सोंड काढा. पात्याचे दात खाली तोंड केलेले असतात, म्हणून भुसा बहुतेक टेबलाखाली पडतो. थोडा मात्र वर येतो आणि आपण आखलेली रेघ झाकून टाकतो. तो उडवून लावायला यंत्राला एक फुंकर मारणारी नळी दिलेली असते. ती नळी पाहून मी पहिल्या दिवशी फार खूष झाले होते!

आता खेड्यात वाढलेल्यांनी खळ्यावरची उफणणी आठवावी. वाऱ्यावर धान्य सोडले की दाणा पायाशी पडतो, भुसकट चार हातांवर जाते, आणि अगदी बारीक कोंडा कोठे जातो ते कोणीच पाहत नाही. माझ्या मागच्या गॅलरीत रोज दोन तास हीच उफणणी चालली होती. पायाशी पडलेला भुसा मी केरसुणीने झाडून घेई आणि फरशी लख्ख दिसली की समाधान मानी. त्या झाडण्यानेच बारीक धूळ पुन्हा वर उडते, हे तेव्हा डोक्यात आले नाही.

पाचव्या-सहाव्या महिन्यात आमच्या सासूबाईंना खोकला लागला. त्या एक्क्याऐंशी वर्षांच्या, आणि त्यांची खोली गॅलरीला लागून. दिवसा कमी, रात्री जास्त. औषधे झाली, काढे झाले. डॉक्टरांनी छाती तपासून विचारले, "घरात पिठाची गिरणी आहे का हो?" मी नाही म्हटले, आणि मला खरोखर त्या वेळी करवत आठवली नाही. आठवली ती सासूबाईंना. पण सुनेचा छंद मोडेल म्हणून त्या गप्प बसल्या. पुढे आम्ही तीन आठवडे मुलीकडे राहिलो, तेथे खोकला बराच उतरला. परत आलो, चार दिवसांत पुन्हा सुरू. खोकला निव्वळ लाकडाच्या धुळीचाच होता असे डॉक्टरही छातीठोक सांगत नाहीत. पण मला जे कळायचे ते कळले.

मी पहिला उपाय केला तो घरातला व्हॅक्यूम क्लीनर यंत्राला जोडण्याचा. टेबलाखाली यंत्राला भुशासाठी दीड इंचाचे तोंड असते, त्याला पाइप लावला. फरशीवर भुसा पडेनासा झाला. मी निश्चिंत! खोकला मात्र होता तसाच.

एका संध्याकाळी काम चालू असताना वीज गेली आणि मी मोबाइलचा टॉर्च लावला. भगिनींनो, सकाळी खिडकीतून कवडसा येतो आणि त्यात धूळ नाचताना दिसते ना? तसा त्या प्रकाशात नुसता धुरळा तरंगत होता. वीज आल्यावर मी मुद्दाम दिवे मालवून, यंत्र चालू करून, टॉर्च आडवा धरून पाहिले. पात्यापाशी धूळ होतीच. पण सगळ्यांत मोठा लोट निघत होता तो व्हॅक्यूम क्लीनरच्या पाठीमागून! आतल्या कापडी पिशवीने भुसा अडवला होता आणि बारीक पीठ मागच्या जाळीतून खोलीभर फेकले होते.

आपल्या केसाची जाडी साधारण ७० मायक्रॉन धरतात. दहा मायक्रॉनहून बारीक कण नाकात न अडकता छातीत उतरू शकतो, आणि असा सुटा कण साध्या उजेडात डोळ्यांना दिसतच नाही. एक मायक्रॉनचा कण तर स्थिर हवेत माणसाच्या उंचीवरून जमिनीवर यायला कितीतरी तास घेतो. म्हणजे मी पाच वाजता यंत्र बंद करी, तेव्हा रात्री सासूबाई जी हवा घेत, तीत माझी दुपारची कारागिरी अजून तरंगत असे.

इंग्लंडात हाय विकंब नावाचे खुर्च्यांच्या धंद्यासाठी प्रसिद्ध गाव आहे. तेथे एस्मे हॅडफील्ड नावाच्या एक बाई कान-नाक-घशाच्या शल्यविशारद होत्या. नाकाच्या पोकळ्यांतला एक अतिशय दुर्मिळ कर्करोग लाकूडकाम करणाऱ्यांत वारंवार आढळतो, हे त्यांच्या ध्यानात आले. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा पाठपुरावा करून १९६८ साली ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात ते प्रसिद्ध केले. पुढे १९९५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ ही माणसात कर्करोग करणारी म्हणून नोंदली. मी हे घाबरवण्यासाठी सांगत नाही. ते कामगार कारखान्यात दिवस दिवस आणि वर्षानुवर्षे राबणारे होते. आपले दोन तासांचे काम आणि त्यांचे काम एक नव्हे. पण दमा, खोकला, डोळ्यांची चुरचुर, शिसमाच्या भुशाने अंगावर उठणारा पुरळ, यांना वर्षे लागत नाहीत. आणि आपण जे स्वस्त म्हणून एमडीएफ आणतो, त्याच्या धुळीत लाकडाबरोबर चिकटवणारे रसायनही असते.

तेव्हा मी काय केले ते सांगते. धूळ उडाल्यावर तिच्यामागे धावण्यात अर्थ नाही, ती जेथे जन्मते तेथेच धरावी लागते. टेबलाखाली पात्याच्या खालच्या पकडीभोवती मी आइस्क्रीमच्या मोठ्या डब्याचे खोके बसवले आणि पाइप त्याला जोडला. पकड आत मोकळी हलली पाहिजे, तेवढी जागा सोडली. पाते बदलताना खोके काढावे लागते, म्हणून ते शिवणाच्या डब्यातल्या वेल्क्रोच्या पट्टीने लावले आहे. ते असेपर्यंत टेबल तिरपे करता येत नाही, पण मला तिरपे कापायचे नसतेच.

दुसरे तोंड टेबलाच्या वर. बोहरी आळीतून एक वाय आकाराचा जोड आणला आणि त्याच्या एका फाट्याला वॉशिंग मशिनचा पाणी सोडण्याचा लवचिक पाइप लावून त्याचे टोक पात्याच्या जवळ आणले. यातली खुबी अशी की फुंकर मारणारी नळी आणि हे ओढणारे तोंड समोरासमोर ठेवावे. म्हणजे एक ढकलते आणि दुसरे झेलते. माझी नळी आधी माझ्याच तोंडाकडे फुंकत होती!

व्हॅक्यूम क्लीनर बदलला आणि हेपा गाळणीचा घेतला. ही गाळणी लवकर भरू नये म्हणून वाटेत झाकणाची बादली ठेवली आहे. तिच्यावर शंकूसारखे एक प्लास्टिकचे पात्र बसते. हवा त्यात बाजूने शिरून गरगर फिरते, जड भुसा कडेला आपटून खाली बादलीत पडतो आणि हवा मधून वर निघून जाते. माझी पहिली बादली पातळ होती. एके दिवशी पाइप तुंबला आणि बादली आतल्या आत अशी पिचकली की हे स्वयंपाकघरातून धावत आले. आता रंगाची जाड बादली आहे.

दुकानात मला चार इंची पाइपाचे मोठे धूळ ओढणारे यंत्र घ्या म्हणून फार आग्रह झाला. ते रंधायंत्रासारख्या मोठ्या तोंडांसाठी असते. भरपूर हवा ओढते, पण जोर कमी. आपल्या दीड इंची तोंडाला जोडले तर त्याचा जीव गुदमरतो. व्हॅक्यूम क्लीनरचा जोर अरुंद पाइपात चालतो. पाइप मात्र आखूड आणि शक्य तितका सरळ ठेवावा. वळणावळणाला ओढ कमी होते. आणि वीज! व्हॅक्यूम क्लीनर चौदाशे वॅटचा असला तर तो एकटाच सहा अँपिअरहून जास्त घेतो. तो साध्या एक्स्टेंशन बोर्डावर लावू नये, सोळा अँपिअरचा सॉकेट पाहावा.

हे सारे करूनही थोडी धूळ निसटतेच. म्हणून मी एन ९५ मास्क लावते, खिडकीत बाहेर हवा टाकणारा पंखा चालू ठेवते, छताचा पंखा बंद. काम संपल्यावर ओल्या फडक्याने पुसते. केरसुणी गॅलरीतून हद्दपार झाली. सासूबाईंचा खोकला गेला असे म्हणणार नाही, त्या वयात खोकला पूर्ण जात नाही. पण त्या रात्री झोपतात.

आता आपल्या वर्गाकडे येते. या जोडणीचा खर्च मला जवळजवळ यंत्राच्या किमतीएवढा आला. म्हणून माझी सूचना अशी की दोन यंत्रांऐवजी एकच घ्यावे आणि उरलेल्या पैशांत धुळीची व्यवस्था करावी. कार्यकारिणीतल्या काही भगिनींचे म्हणणे, "एका यंत्रावर बारा जणी कधी शिकणार? वर्ग रेंगाळेल." रेंगाळेल, हे मला मान्य आहे. पण त्या खोलीच्या आणि बालवाडीच्या मध्ये जी भिंत आहे, तिच्या वरच्या अंगाला दीड फुटाची उघडी जाळी आहे. मी काल शिडीवर चढून पाहून आले. आपली चाळीस मुले त्या जाळीखाली डबा खातात. दोन यंत्रे घ्यायचीच असतील तर जाळी बुजवा, वर्ग बालवाडी सुटल्यावर घ्या आणि धुळीचे पैसे दुसरीकडून उभे करा. त्यासाठी पाट्या करून विकायची माझी तयारी आहे.

मतदान पुढच्या सोमवारी आहे. त्याआधी शनिवारी संध्याकाळी सातला ज्यांना येता येईल त्यांनी आमच्या घरी यावे. आधी पाइप काढून, मग पाइप लावून, दोन्ही वेळा दिवे मालवून यंत्र चालवून दाखवीन. मास्क माझ्याकडे पुरेसे आहेत. मोबाइल चार्ज करून आणा, टॉर्च त्यातलाच चालेल. चहा सासूबाई करणार आहेत.