छपरावरचे तीन इंच

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत कुंभकोण येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून काय बोलावे, याचे काही संकेत आपल्याकडे ठरून गेले आहेत. व्यंकोजीराजांपासून आरंभ करावा, सरफोजी महाराजांच्या सरस्वती महालाला वंदन करावे आणि याच कुंभकोणात १८२८ साली जन्मलेल्या सर टी. माधवरावांचे स्मरण करून खाली बसावे. ते वंदन आणि ते स्मरण मीही मनोभावे करतो. परंतु कार्यवाहांनी मला विषय दिला आहे तो छपराचा : घरात शिरणारी उष्णता अडविण्यासाठी सरकारने कुटुंबाला अनुदान द्यावे काय, आणि देत असल्यास ते नेमके कशासाठी देते. विषय रुक्ष खरा. पण मे महिन्याच्या आरंभी अग्निनक्षत्र लागले की या गावात दुसरा विषय उरत नाही, हे आपण सारे जाणतो.

आपल्यापैकी अनेकांची मुले-नातवंडे परदेशी आहेत. तिकडच्या घरांच्या पोटमाळ्यावर लोकरीसारख्या तंतूंचा जाड थर अंथरलेला त्यांनी पाहिला असेल. तेलाचे भाव भडकल्यानंतर इंधन वाचवावे म्हणून अमेरिकेने १९७६ साली गरीब कुटुंबांची घरे थंडीपासून सुरक्षित करण्याचा कार्यक्रम सुरू केला. ब्रिटनने १९७८ साली त्यासाठी स्वतंत्र कायदा करून स्थानिक संस्थांमार्फत अनुदान देण्यास आरंभ केला. तेथे प्रश्न घरातली ऊब बाहेर जाऊ न देण्याचा. आपला प्रश्न बाहेरची आग आत येऊ न देण्याचा. दोन्हींचे शास्त्र एकच आहे, तोंड मात्र उलट दिशेला आहे. शिवाय आणखी एक भेद आहे, तो भूगोलाचा. कुंभकोण विषुववृत्ताच्या उत्तरेस जेमतेम ११ अंशांवर आहे. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या अखेरीस सूर्य येथे माध्यान्ही अगदी डोक्यावर येतो. अशा जागी भिंतींना ऊन तिरपे लागते. खरा मारा छपरावरच होतो. म्हणून या गावात उष्णता अडविणे म्हणजे प्रामुख्याने छपराची काळजी घेणे, असे मी समजतो.

कावेरीच्या या खोऱ्यातील गरिबाचे छप्पर पिढ्यान्‌पिढ्या नारळाच्या झापांचे होते. कोकणातल्या मंडळींना शाकारलेले घर ठाऊकच आहे. झापांच्या थरांत हवा कोंडून राहते, त्यामुळे ऊन आत उतरत नाही. उष्णतारोधाच्या दृष्टीने याहून स्वस्त आणि सरस छप्पर मनुष्याने क्वचितच शोधले असेल. पण ते दर एक-दोन वर्षांनी बदलावे लागते, वादळात उडते (२०१८ च्या नोव्हेंबरमधील गाजा वादळ या खोऱ्याने सोसले आहे) आणि ते पेटते. ते कसे पेटते, हे या गावाला कोणी सांगावयाची आवश्यकता नाही. १६ जुलै २००४ च्या सकाळी येथील एका शाळेच्या स्वयंपाकघरात लागलेली आग झापांच्या छपरावरून वर्गांवर गेली आणि ९४ लहान मुले गेली. त्याविषयी अधिक बोलण्याचे धैर्य मला नाही. त्यानंतर शाळांवरील झापांची छपरे काढून टाकण्याचे आदेश राज्यभर निघाले, आणि काँक्रीटचे छप्पर म्हणजे सुरक्षितता, ही भावना लोकांच्या मनात कायमची रुजली. ती रुजली हे योग्यच झाले.

सरकारचा पैसाही त्याच दिशेने गेला. २०१० साली राज्य सरकारने २१ लाख झोपड्यांच्या जागी सहा वर्षांत काँक्रीटची घरे उभी करण्याचा संकल्प केला आणि घरामागे ७५,००० रुपयांपर्यंत अनुदान ठेवले. २०११ साली सरकार बदलले, योजनाही बदलली : ३०० चौरस फुटांचे घर, खर्च १ लाख ८० हजार, त्यांपैकी ३० हजार छपरावरच्या सौरदिव्यांसाठी. पुढे केंद्राची प्रधानमंत्री ग्रामीण आवास योजना २०१६ साली आली. सपाट प्रदेशात घरामागे १ लाख २० हजार. तामिळनाडूने त्यात स्वतःची भर घातली, ती खास काँक्रीटच्या छपरासाठी म्हणून. आधी ५० हजार आणि नंतर १ लाख २० हजार. अलीकडची योजना २०२४ सालची, ‘कलैञर कनवु इल्लम्’. २०३० पर्यंत आठ लाख घरे बांधून राज्य झोपडीमुक्त करावयाचे, पहिल्या वर्षी एक लाख घरे, दर घरास साडेतीन लाख रुपये, क्षेत्र किमान ३६० चौरस फूट. त्यांतील ३०० चौरस फुटांवर काँक्रीटचा स्लॅब आणि उरलेल्या जागेवर न पेटणारे कोणतेही छप्पर.

मी ही यादी टीकेसाठी वाचली नाही. छपरासाठी वेगळे पैसे मोजणारे हे राज्य आहे, याचा मला आदर वाटतो. माझे म्हणणे एवढेच आहे, की या सर्व योजनांत छप्पर स्लॅबपाशी संपते. त्यावरच्या उष्णतारोधासाठी वेगळे अनुदान नाही. २०११ सालच्या घराने तर सूर्याकडून दिवा मिळविला, पण सूर्याची धग तशीच आत येऊ दिली!

उघडा स्लॅब म्हणजे काय, हे त्याखाली राहणाऱ्यालाच विचारावे. चार-पाच इंचांचे काँक्रीट दिवसभर ऊन पीत राहते आणि सायंकाळनंतर ते खाली ओकू लागते. बाहेर वारा सुटलेला असतो तेव्हा आत भट्टी पेटलेली असते. झोपडीत दिवस असह्य असला तरी रात्र सोसवत असे. पक्क्या घरात रात्रही गेली. तिरुभुवनमच्या रेशीम विणकराला मागावरून उठता येत नाही, नाच्चियारकोविलच्या दिवे घडविणाऱ्याला आणि स्वामीमलैच्या मूर्तिकाराला धातूच्या आचेपुढून हलता येत नाही. आपल्यांतही खानापूर-आटपाडीकडून येऊन तामिळनाडूच्या सराफ पेठांत गलाईचा व्यवसाय करणारी कुटुंबे आहेत. भट्टीशेजारच्या खोलीवर उघडा स्लॅब असला म्हणजे काय होते, हे त्यांच्याकडून ऐकावे. आणि तिन्ही त्रिकाळ चुलीपुढे उभ्या राहणाऱ्या गृहिणीचा विचार अंदाजपत्रक करणाऱ्याने कधी केला असेल, असे मला तरी वाटत नाही.

हे केवळ तामिळनाडूतच घडले असे नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला धरणीकंप झाला. मराठवाड्यातील घरांवर पांढऱ्या मातीचे जाड माळवद असे. बाहेर वैशाख तळपत असताना माळवदाखाली दुपारी डोळा लागत असे, असे जुनी माणसे अजूनही सांगतात. पण तेच जड माळवद आणि सांधा नसलेल्या दगडी भिंती त्या पहाटे निजलेल्या माणसांवर कोसळल्या. पुढे ५२ गावे नव्या जागी वसली, घरे भूकंपाला टिकतील अशी झाली. माळवदाचा गारवा मात्र नकाशात कोणी काढला नाही. किल्लारीत माळवदाचा भार जिवावर बेतला, कुंभकोणात झापांचा पेट. दोन्हीकडे सरकारने प्राण वाचविणारे छप्पर दिले आणि दोन्हीकडे जुन्या छपराचा गुण जुन्या दोषाबरोबरच फेकला गेला.

वास्तविक त्या गुणाची सोय याच भूमीत उत्तम झालेली होती. येथील जुन्या चौसोपी घरांची आणि मद्रास पद्धतीच्या गच्च्यांची रचना पाहा. सागवानी कड्यांवर उभ्या विटांचा थर, त्यावर विटांचे तुकडे आणि चुना यांचा कोबा, आणि सर्वांत वर चपट्या भाजक्या फरश्या. आमच्या पेशात याला कोबा म्हणतात. येथला कोत्तनार ‘जल्ली’ म्हणून ओळखतो. स्लॅब आल्यावरही चांगल्या इमारतींवर हा कोबा टिकून राहिला, साधारण तीन इंच जाडीचा. हिरडा आणि गूळ भिजवून केलेले पाणी त्यावर शिंपीत स्त्रिया ओळीने बसून लाकडी चोपण्यांनी तो कित्येक दिवस चोपीत असत. त्या तालाचा आवाज ज्यांनी ऐकला आहे त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. विटेच्या तुकड्यांत असंख्य सूक्ष्म छिद्रे असतात, त्यांत हवा राहते. म्हणून वीट काँक्रीटपेक्षा उष्णता पुष्कळ सावकाश पुढे पाठविते. पाणीही अडते, धगही अडते. धनिकाच्या घरावर हा थर असतो, सरकारी कचेरीवर असतो. गरिबाच्या घरावर तेवढे तीन इंच परवडत नाहीत.

आता कोणी म्हणेल, नंतर हळूहळू स्वतः घालून घ्यावा. येथे एक अडचण आहे आणि ती अनुदानाच्या बाजूने बोलते. ३०० चौरस फुटांवरचा तीन इंच कोबा भरतो चार टनांच्या आसपास. हा भार गृहीत धरून स्लॅब आणि भिंती मुळातच आखाव्या लागतात. म्हणजे निर्णय अंदाजपत्रकाच्या दिवशीच झाला पाहिजे. गृहप्रवेश झाल्यावर उशीर झालेला असतो. जुन्या, कमकुवत स्लॅबवर कोबा चढवू नये, हे मी बजावून सांगतो. तेथे दर वर्षी ईशान्येचा पाऊस ओसरल्यावर चुन्याचे दोन-तीन हात द्यावेत किंवा ऊन परतविणारा पांढरा रंग लावावा. त्याला वजन नसते. अहमदाबादने २०१३ साली उष्णतेचा कृती आराखडा केल्यानंतर वस्त्यांतील छपरे अशी पांढरी करण्याचे काम हाती घेतले. तेलंगणाने २०२३ साली शीत छपरांचे स्वतंत्र धोरणच जाहीर केले. चेन्नईजवळच्या पेरुंबाक्कम वसाहतीत असा प्रयोग झाला आहे. केंद्राने २०१८ साली निवासी इमारतींसाठी केलेल्या ‘इको निवास संहिते’त छपरातून किती उष्णता आत यावी याची मर्यादा घातली आहे, पण ती मोठ्या गृहसंकुलांचा विचार करते, ३०० चौरस फुटांच्या घरापर्यंत तिचा हात पोहोचत नाही.

पैसा कोठून आणावा, हा प्रश्न येतोच. उष्णतेवर सरकार आजही खर्च करीत आहे, फक्त तो दुसऱ्या टोकाला करीत आहे. २०११ नंतर या राज्याने घरोघर पंखे फुकट वाटले. २०१६ पासून घरगुती ग्राहकाला दर दोन महिन्यांस शंभर युनिट वीज विनामूल्य मिळते. गरिबाच्या पंख्याविरुद्ध मी चकार शब्द काढणार नाही. पण तापलेल्या स्लॅबखालचा पंखा गरम हवाच फिरवितो, आणि त्या विजेचा खर्च दर वर्षी नव्याने करावा लागतो. कोबा एकदा घातला की वर्षानुवर्षे काम देतो. २०२४ पासून केंद्र सरकार छपरावरच्या सौरसंचाला एक किलोवॉटमागे ३० हजार आणि तीन किलोवॉटला ७८ हजार रुपये देते. संचाची सावली छपरावर पडते हा लाभच. पण ज्याचे वीजबिलच नाममात्र येते, तो पदरचे उरलेले पैसे त्यात कशाला घालील? आणि २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये तामिळनाडूने उष्णतेची लाट ही राज्याची आपत्ती म्हणून जाहीर केली; उष्माघाताने कोणी दगावल्यास कुटुंबाला चार लाख रुपये मिळतात. संपूर्ण घराला साडेतीन लाख, आणि त्या घरातले माणूस उष्म्याने गेले तर चार लाख. हा हिशेब मांडताना माझा हात थबकला, हे सांगितल्यावाचून राहवत नाही.

घाईने मात्र काही करू नये. ऑस्ट्रेलियाने २००९ साली दहा लाखांहून अधिक घरांवर उष्णतारोधक थर फुकट घालण्याची योजना झपाट्याने राबविली. अनुदानाच्या वासाने अननुभवी ठेकेदार धावले, छपरांवर काम करताना चार तरुण कामगार मृत्यू पावले, आणि वर्षभरातच योजना गुंडाळावी लागली. आपल्याकडे चुन्याचा कोबा जाणणारे कोत्तनार आणि चोपणाऱ्या बायका आता थोड्या उरल्या आहेत. त्यांच्या हाताखाली नवी माणसे तयार करण्याचा खर्चही अनुदानात धरला पाहिजे. नाहीतर सिमेंट ओतून वर फरशी चिकटविली जाईल आणि कागदोपत्री सारे उष्णतारोधक ठरेल.

याकरिता मागणी अगदी नेमकी असावी, असे मला वाटते. नव्या घरांच्या अंदाजपत्रकात स्लॅबच्या पुढे एकच ओळ वाढवावी : तीन इंच कोबा व फरशी, आणि शेवटचा हप्ता तो पाहून द्यावा. जुन्या घरांसाठी दरवाजा उघडा आहे. २०००-०१ पूर्वी सरकारी योजनांतून बांधलेल्या अडीच लाख ग्रामीण घरांच्या दुरुस्तीसाठी २०२४ साली २,००० कोटींची योजना जाहीर झाली. त्या प्रकारच्या दुरुस्तीत पांढऱ्या छपराचा समावेश करावा.

अशा निवेदनाचा मसुदा तमिळमध्ये करून मी आणला आहे. तो दाराजवळच्या टेबलावर ठेवला आहे. सही करणाऱ्यांनी आपल्या घराविषयी तर लिहावेच. पण आपल्याकडे धुणीभांडी करणाऱ्या बाई, मंडळाचा पहारेकरी, दुकानातला गडी यांच्यापैकी ज्यांना सरकारी घर मिळाले असेल, त्यांच्याकडे जाऊन छपराचे माप, बांधकामाचे साल आणि वर कोबा आहे की नाही, एवढ्या तीन गोष्टी विचारून आणाव्यात. निवेदनाला ती यादी जोडावयाची आहे. जाण्याची वेळ दुपारी तीनची निवडावी.