व्होल्गाकाठच्या गावी जाताना



प्रवासाची तयारी म्हणजे सामानाची बांधाबांध, असा एक समज आपल्याकडे रूढ आहे. पंढरपूर, काशी किंवा मुंबई येथवरच्या प्रवासाला तो पुरतो. कारण काही चुकलेच तर विचारावयास आपले माणूस भेटते आणि परतीची गाडीही मिळते. परंतु ज्या देशाची लिपी आपणांस वाचता येत नाही आणि जेथे आपल्या बँकेचे कार्ड चालत नाही, तेथे जाताना तयारीचा क्रम उलटा धरावा लागतो. परत कसे यावयाचे हे आधी ठरवावे, मग कसे जावयाचे ते पाहावे. रशियातील त्वेर या नदीकाठच्या शहराच्या निमित्ताने हाच क्रम आज आपणांपुढे मांडावयाचा आहे.

त्वेरच निवडण्यास कारण आहे. तेथे वैद्यकीय विद्यापीठ असून त्यात भारतीय विद्यार्थी शिकतात. गुंजी, खानापूर, बेळगाव, निपाणी या पट्ट्यातील एखाद्या घरचे लेकरू उद्या तेथे गेले, तर आईवडिलांना एकदा तरी जाऊन यावेसे वाटणारच. शिवाय त्या गावाची ओळख आपल्याला अगदीच परकी वाटणार नाही. मलप्रभा जशी आपल्याच खानापूर तालुक्यात कणकुंबीस उगम पावते, तशी युरोपातील सर्वांत लांब नदी व्होल्गा त्वेर प्रांतातच उगम पावते आणि सुमारे ३५३० किलोमीटर वाहत जाऊन कॅस्पियन समुद्रास मिळते.

याच त्वेरचा एक व्यापारी पंधराव्या शतकात आपल्या मुलखात येऊन गेला होता. त्याचे नाव अफानासी निकितीन. वास्को द गामा १४९८ साली कालिकतला पोहोचला, त्याच्या सुमारे तीन दशके आधी निकितीन चौलच्या बंदरात उतरला, जुन्नरला पावसाळ्यात राहिला आणि बीदरपर्यंत गेला. ख्वाजा अहमद अब्बास यांचा १९५७ सालचा ‘परदेसी’ हा चित्रपट त्याच्यावरच होता. व्होल्गेच्या काठी त्वेर येथे त्याचा पुतळा १९५५ पासून उभा आहे.

निकितीनची कथा शौर्याची म्हणून सांगतात; मला ती प्रवाशाला सावध करणारी वाटते. व्होल्गेच्या मुखाशी त्याचा माल लुटला गेला. माघारी जावे तर कर्जाची भीती, म्हणून तो पुढेच जात राहिला, असे त्याच्या वृत्तांतावरून दिसते. हिंदुस्थानात आपल्या देशासाठी हवा तेवढा माल मिळेल, असे त्याला सांगण्यात आले होते. येथे आल्यावर त्याच्या उपयोगाचे फारसे काही सापडले नाही. शंभर रूबल मोजून घेतलेला एकुलता एक घोडा जुन्नरच्या खानाने अडकवून ठेवला, तो एका खुरासाणी गृहस्थाच्या रदबदलीमुळे परत मिळाला. शेवटी दाभोळहून तो स्वदेशी निघाला, पण त्वेरला काही पोहोचला नाही. वाटेत स्मोलेन्स्कच्या अलीकडे त्याचा अंत झाला. ऐकीव माहिती, कर्जाचा बोजा आणि परतीची नसलेली सोय, या तीन गोष्टी आजही प्रवाशाला तशाच नडतात.

म्हणून पहिला प्रश्न, जावे की नाही, हाच. २०२२ च्या फेब्रुवारीत सुरू झालेल्या युद्धानंतर रशियाचा प्रवास पूर्वीसारखा सरळ राहिलेला नाही. मॉस्कोतील भारतीय दूतावासाच्या ताज्या सूचना वाचल्यावाचून तिकीट काढू नये. सल्ला विचारावा तो ज्याला आपल्याकडून दलाली मिळावयाची नाही अशा माणसाला. नोकरीच्या वा शिक्षणाच्या आमिषाने तरुणांना रशियात नेऊन युद्धाच्या कामी जुंपणाऱ्या दलालांवर सीबीआयने २०२४ च्या मार्चमध्ये गुन्हा नोंदवला. फसलेल्यांत आपल्या कर्नाटकातील तरुणही होते. तेव्हा प्रवेश असो वा निवास, कागद थेट त्या संस्थेकडून आलेला असावा. आणि रशियन भाषेतील ज्या कागदाचा अर्थ कळलेला नाही, त्यावर सही करू नये.

आता कागदपत्रे. भेटीसाठी जाणाऱ्या भारतीयांना ऑगस्ट २०२३ पासून ई-व्हिसा मिळू लागला. आरंभी त्यावर १६ दिवस राहता येई. २०२५ मध्ये ही मुदत ३० दिवस करण्यात आली. अर्ज करताना त्या दिवशीचा नियम सरकारी संकेतस्थळावर पाहूनच तारखा धराव्यात. हा व्हिसा शिक्षणासाठी वा नोकरीसाठी चालत नाही, आणि ठरलेल्या नाक्यांवरूनच त्यावर प्रवेश मिळतो. मुक्कामाच्या सर्व दिवसांचा वैद्यकीय विमा असावा. सीमेवर मिळणारा आगमनाचा कागद परत येईपर्यंत पासपोर्टात जपून ठेवावा. सात कामाच्या दिवसांत आपली नोंद स्थानिक खात्यात व्हावी लागते. हॉटेलात उतरल्यास ते काम हॉटेल करते. कोणाच्या घरी उतरल्यास घरमालकाला आधीच विचारून ठेवावे.

पैशाची गोष्ट याहून नाजूक आहे. मार्च २०२२ पासून व्हिसा आणि मास्टरकार्ड या कंपन्यांनी रशियातील व्यवहार थांबवले, त्यामुळे आपल्या बँकांची ही कार्डे तेथे निरुपयोगी ठरतात. रुपये बदलून मिळण्याच्या भरवशावरही राहू नये. अधिकृत विक्रेत्याकडून पावतीसह घेतलेल्या, न फाटलेल्या, न डागाळलेल्या डॉलर वा युरोच्या नोटा न्याव्यात आणि त्या दोन ठिकाणी विभागून ठेवाव्यात. रोजच्या खर्चाचा हिशेब करून त्यावर आठवड्याची रक्कम जादा ठेवावी. ही रक्कम दागिने गहाण टाकून उभी करावयाची असेल, तर प्रवास वर्षभर पुढे ढकललेला बरा.

मार्ग अवघड नाही. गुंजीहून लोंढ्यास किंवा बेळगावास जावे. तेथून गोवा एक्सप्रेस मिरज-पुण्यावरून दिल्लीला पोहोचवते. दिल्लीहून मॉस्कोला थेट विमाने आहेत. मॉस्कोच्या लेनिनग्राड स्थानकावरून त्वेर सुमारे १७० किलोमीटर असून जलद गाडी दोन तासांच्या आत पोहोचवते. मात्र २०२५ मध्ये ड्रोनच्या भीतीने मॉस्कोचे विमानतळ अनेकदा काही तास बंद ठेवावे लागले होते. म्हणून विमान आणि पुढची गाडी यांत एक रात्र मोकळी ठेवावी. परतीच्या विमानापूर्वीही तसेच करावे, आणि व्हिसाच्या शेवटच्या दिवसाचे तिकीट कधीही काढू नये. मोबाईलचे इंटरनेटही त्या वर्षी अनेक शहरांत वारंवार बंद पडे. राहण्याचा पत्ता, दूतावासाचा दूरध्वनी आणि ‘मी मांस खात नाही’ हे वाक्य रशियन लिपीत कागदावर लिहून खिशात ठेवावे. चहाला मात्र तेथेही ‘चाय’च म्हणतात, तेवढा एक शब्द शिकावा लागणार नाही.

पहिल्यांदा जाणाऱ्याने जून ते ऑगस्ट हा काळ निवडावा. हिवाळ्यात तेथे नदी गोठते, आणि आपल्याकडचा स्वेटर त्या थंडीला पुरत नाही. पण उन्हाळ्याचेही एक भय आहे. २०२४ च्या जून महिन्यात वेलिकी नोवगोरोद या शहरी वोल्खोव नदीत आपल्याकडील वैद्यकीय शाखेचे चार विद्यार्थी बुडून मरण पावले. ऊन पडले, काठावर वाळू आहे, माणसे बसली आहेत, एवढ्याने नदी उथळ वा ऊबदार होत नाही. उत्तरेकडील पाणी जूनमध्येही अंग आखडून टाकते आणि आतली ओढ वरून दिसत नाही. विहिरीत पोहावयास शिकलेल्या आपल्या मुलांना हे स्पष्ट शब्दांत सांगितलेच पाहिजे: नदी काठावरून पाहावी, नावेतून पाहावी, तिच्यात उतरू नये. सामानाच्या यादीत हे वाक्य कोणी लिहीत नाही. ते सर्वांत वर लिहावे.

निघण्यापूर्वी आणखी एक काम उरते. एका लिफाफ्यात पासपोर्ट, व्हिसा, विमा व तिकिटे यांच्या प्रती, मुक्कामाचा पत्ता आणि दर दोन दिवसांनी घरी बोलण्याची ठरलेली वेळ लिहून तो लिफाफा घरच्या जाणत्या माणसाच्या हाती द्यावा. त्वेरचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे असते, हेही त्यावर नोंदवावे. ठरल्या वेळी निरोप आला नाही तर कोणाला विचारावयाचे, हे मागे राहणाऱ्यास ठाऊक असावे. निकितीनची वाट पाहणाऱ्यांना ते ठाऊक असण्याची सोय त्या काळी नव्हती. आपल्याला ती आहे. तिचा उपयोग करून घ्यावा.