व्यापार आणि समाजमाध्यमे



गत दिवाळीत आमच्या फराळाच्या दुकानाची जाहिरात आम्ही व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीतून २५६ ग्राहकांस धाडली व निश्चिंत झालो. ज्याने आपला क्रमांक स्वतःच्या फोनात जतन केलेला नाही, त्यास असा संदेश पोहोचतच नाही, हे आम्हांस फार उशिरा कळले. चकल्या उरल्या, त्या घरोघर वाटाव्या लागल्या!

दुसरी चूक अधिक लाजिरवाणी. जाहिरातीत चित्रे सुरेख होती. भाव मात्र छापला नव्हता. ज्यांनी तो विचारला, त्यांस आमचे चिरंजीव तिसऱ्या दिवशी उत्तर देते झाले. तोवर गिऱ्हाईक अन्यत्र गेले होते. आपल्या पुष्कळ ज्ञातिबांधवांच्या जाहिरातींतही हीच उणीव दिसते.

यंदा पावतीवर क्रमांक छापून, तो जतन करण्याची विनंती आम्ही प्रत्येक गिऱ्हाइकास समक्ष करीत आहोत.